डावीकडची टोपली

मीमी स्कूमनच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर, म्हणजे अंगठा आणि तर्जनीवर, दक्षिण आफ्रिकेतल्या कारूच्या त्या कोरड्या मुलखात लोकांचा जेवढा विश्वास होता, तेवढा गावच्या पाद्रीबुवांवरही नव्हता. पाद्रीबुवा चुकतात असं लोक उघड म्हणत. मीमीची बोटं चुकतात असं म्हणायची कोणाची छाती नव्हती.

वर्षातून चार शनिवार तिच्या फालक्रान्स नावाच्या शेतावर, घराच्या ओसरीपुढे गाड्या लागायच्या. दोनदोनशे मैलांवरून कुत्रेवाले यायचे, पिल्लांची खोकी घेऊन. कुत्री एकाच जातीची, रिजबॅक. तांबूस, उंच, एके काळी सिंहाच्या मागावर सोडायचे ती. त्यांच्या पाठीवर कण्यालगत उलट्या केसांचा एक पट्टा असतो आणि पट्ट्याच्या सुरुवातीला, खांद्यांमध्ये, समोरासमोर दोन भोवरे. ही माणसं त्या पट्ट्यावर असा जीव टाकतात की बाकीचं कुत्रं केवळ पट्टा ठेवायला जागा हवी म्हणून बनवलंय असं वाटावं.

मीमी वेताच्या खुर्चीत बसायची. दोन्ही बाजूंना दोन टोपल्या. पिल्लू मांडीवर घ्यायचं, मानेची कातडी चिमटीत उचलायची आणि चिमूट हळूहळू शेपटीपर्यंत सरकवत न्यायची. या जातीतल्या काही पिल्लांच्या कातडीखाली जन्मतःच एक दोरा असतो. वर टाचणीएवढं भोक आणि आत शिवणाच्या दोऱ्याइतकी बारीक नळी, पार मणक्यापर्यंत गेलेली. आज ना उद्या ती पिकते, पू आत उतरतो आणि कुत्र्याचे मागचे पाय जातात. बोटांना दोरा लागला नाही की मीमी एकच शब्द बोलायची, "साफ." पिल्लू उजव्या टोपलीत. दोरा लागला तर ती काहीच बोलायची नाही. पिल्लू डावीकडे जायचं आणि ओसरीवरची माणसं आपापल्या कॉफीत बघायची.

ज्या पिल्लाला पट्टाच नसे, त्याला ती हातही लावत नसे. ते थेट डावीकडे. "पट्टा नाही तर कुत्रं नाही," असं तिचा बाप म्हणायचा आणि बापाचं म्हणणं तिने कधी उलटून पाहिलं नव्हतं.

डावी टोपली साना प्लाट्जिस उचलायची. साना मीमीच्याच वयाची, त्याच शेतावर जन्मलेली. तिची आई मीमीच्या आईकडे स्वयंपाकाला होती. लहानपणी ती मीमीला 'नोई' म्हणायची, म्हणजे धाकट्या बाईसाहेब, आणि आता दोघी अडुसष्टच्या झाल्या तरी नोईच म्हणायची. त्यात मान किती आणि खोडी किती हे मीमीला कधी कळलं नाही. साना टोपली घेऊन घरामागे जायची. तिथे नळाशेजारी एक पत्र्याची बादली असे. थोड्या वेळाने टोपली रिकामी परत यायची. त्यावर कोणी काही विचारत नसे. मीमी तर नाहीच.

आता कॅप्टन नावाच्या कुत्र्याचं सांगायला हवं, कारण या बाईच्या आयुष्यातली एकच मोठी गोष्ट म्हणजे कॅप्टन, आणि एकच मोठं खोटंही तेच.

कॅप्टन जन्मला त्या वर्षी मीमीचा नवरा, फ्रान्स, वारला होता. घर इतकं गप्प झालं होतं की पवनचक्कीचं कुरकुरणं ऐकायला ती मुद्दाम खिडकी उघडी ठेवी. वेतात नऊ पिल्लं होती. मग नववं हातात आलं. असा पट्टा तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. आखीव, रुंद, आणि दोन भोवरे असे की कोणी मोजपट्टी लावून काढावेत. तिने चिमूट सरकवली. मानेच्या मध्यावर, अगदी खोल, केसाएवढं बारीक काहीतरी बोटांखालून गेलं. तिने पुन्हा चिमूट सरकवली. पुन्हा गेलं. ओसरीवर सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"साफ," मीमी म्हणाली.

बस. एवढंच. पुढच्या सहा वर्षांत कॅप्टनने बक्षिसं घेतली, त्याच्याकडे माद्या आल्या आणि नव्वदच्या वर पिल्लं देशभर गेली. त्यातल्या बऱ्याच पिल्लांना मीमीनेच साफ म्हटलं होतं, आणि ते खरंही असेल. पण दोरा एका पिढीत कातडीखाली दिसतो आणि दुसऱ्या पिढीत रक्तात दडून बसतो, एवढं तिला कळत नव्हतं असं नाही. ती तो विचार मनात येऊच देत नसे. बोटांना मात्र विचार थांबवता येत नाही. चर्चमध्ये बसल्या बसल्या ती झग्याची किनार चिमटीत धरून सरकवत राही. समोरच्या बाकावरच्या माणसांच्या माना दिसल्या की हात मांडीखाली दाबून ठेवी.

त्या जानेवारीत पाऊस होऊन अकरा महिने झाले होते. भर दुपारी, जेव्हा सरडासुद्धा दगडाखालून निघत नाही, तेव्हा मीमीला कुंपणाशी पहिलं कुत्रं दिसलं.

ते तारेपलीकडे बसलं होतं. तांबूस, उंच, रुंद छातीचं. तोंड थेट तिच्या म्हाताऱ्या कुत्रीसारखं, म्हणजे घरातल्या तरण्या मादीच्या, राकेलच्या, आईसारखं. पाठ मात्र सपाट, पट्टा नाही. पुढचा डावा पाय मनगटापर्यंत पांढरा, मोजा घातल्यासारखा. ते भुंकलं नाही, धापा टाकत नव्हतं, जीभही बाहेर नव्हती. नुसतं तिच्याकडे बघत होतं. ओसरीवर पडलेला कॅप्टन उठला, त्याच्या पाठीचा पट्टा पिंजारला, पण त्यानेही आवाज काढला नाही.

मीमी आत गेली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दोन कुत्री होती. आठवड्याभरात सात झाली. सगळी बिनपट्ट्याची, सगळ्यांची तोंडं तिच्या घरातली. एकाचे डोळे राकेलचे, एकाची बसायची ढब कॅप्टनची. पांढऱ्या मोज्याचं सगळ्यांपासून थोडं दूर बसे. बाकीच्या सहांना बघून राकेल शेपटी हलवी. पांढऱ्या मोज्याकडे ती बघतही नसे. दुपार टळली की कुत्री निघून जात. मीमीने हे कोणालाही सांगितलं नाही. काय सांगणार? डावीकडच्या टोपलीतली पिल्लं मोठी होऊन परत आलीत म्हणून सांगणार?

त्याच आठवड्यात कॅप्टन मागच्या पायांवर लटपटायला लागला. शेवटी पायरीवरून पडला तो उठलाच नाही. सानाने आणि तिने त्याला चादरीत घालून गाडीत टाकला.

गावातली जनावरांची डॉक्टरीण मुदली नावाची तरुण बाई होती. मोठ्या बाईला तिथले लोक मावशीसारखं 'टॅनी' म्हणतात, तशीच तीही म्हणायची. तिने कॅप्टनच्या मानेवरचे केस कापले, दिवा जवळ आणला आणि बराच वेळ बघत राहिली.

"टॅनी मीमी, लहानपणी याची मान कोणी तपासली होती?"

"मीच."

"आणि?"

"साफ होती."

डॉक्टरिणीने दिवा बाजूला केला. तिची नजर मीमीच्या उजव्या हातावर होती. मीमीची चिमूट पर्सच्या पट्ट्यावरून सरकत होती, मागे-पुढे, मागे-पुढे. मीमीने हात खाली घेतला.

"पू कण्यात उतरलाय," डॉक्टरीण म्हणाली. "पाय परत यायचे नाहीत. दुखणं थांबवायला औषध देते. फार दिवस ठेवू नका मात्र. आणि एक सांगू? ज्यातून तो पट्टा येतो ना, त्यातूनच दोराही येतो. एकाच पोत्यातला माल आहे तो. बिनपट्ट्याच्या पिल्लांना सहसा दोरा नसतो. तुमच्याकडे तशी असतील तर..."

"आमच्याकडे नसतात."

"असं कसं? वेतात एखाददुसरं तर होतंच."

"होतं," मीमी म्हणाली. "राहत नाही."

परत येताना सानाने मागच्या सीटवर कॅप्टनचं डोकं मांडीवर घेतलं होतं. आपण चाळीस वर्षं निरोगी पिल्लं डावीकडे टाकली आणि रोग पट्ट्यासकट उजवीकडे ठेवला, हे मीमीला कळून चुकलं होतं. गाडी चालवताना तिला रडू येत होतं आणि रडायचीही लाज वाटत होती.

शनिवार चार दिवसांवर आला होता. राकेल कॅप्टनपासून व्याली होती, आठ पिल्लं, आणि रिजबॅक क्लबचे अध्यक्ष 'ओम', म्हणजे काका, हान्सी बेस्टर त्यातला एक नर नेऊन कॅप्टनचा वंश पुढे चालवणार होते. ही गोष्ट सगळ्या क्लबला ठाऊक होती. मीमीने शनिवारी 'साफ' म्हटलं की झालं. नाही म्हटलं तर स्वतःच्या सहा वर्षांपूर्वीच्या शब्दावर तिलाच पाणी सोडावं लागणार होतं.

शुक्रवारी भर दुपारी तिने एकटीने पिल्लं चाचपली. सहांना पट्टे होते. तिघांत दोरा लागला. दोघं बिनपट्ट्याची होती. ती दोघं एकमेकांच्या कुशीत शिरून झोपली होती आणि मीमीचा हात त्यांच्यावर अधांतरी थांबला. तेवढ्यात साना बादली घेऊन दारात आली. सवयीने आली होती.

"नोई, न्यायची का?"

"साना," मीमी म्हणाली, "तुला कुंपणाशी कुत्री दिसतात का गं?"

सानाने बादली खाली ठेवली. "दिसतात की. त्या डाविटला मी दहा वेळा सांगितलं, शेळ्या पलीकडच्या कुरणात ने म्हणून. मेला बाभळीखाली घोरत पडतो आणि कुत्री इकडे येतात. माझ्या दिराला अक्कल देवाने वाटली तेव्हा तो झोपलेलाच असणार."

"कुणाची कुत्री आहेत ती?"

"तुमचीच, नोई."

मीमी बघतच राहिली.

"अशा बघू नका," साना म्हणाली. "चाळीस वर्षं टोपली माझ्या हाती देता. बादली मात्र एकदा तरी वाकून बघितलीत का? एक ठिपका सोडला तर तळाला गंज नाही तिच्या. पाणी पडलंच नाही तर गंजेल कशी? ॲप्रनखाली घालून आमच्या वस्तीवर नेत होते सगळी पिल्लं. तिकडे शेळ्या राखायला कुत्रं लागतंच, पट्टा कोण बघतोय!"

"दोऱ्याची पण?"

"ती पण. दोऱ्याची जगली तेवढी जगली. कोणी वर्ष, कोणी दोन. फार ओरडायची शेवटी. बिनपट्ट्याची मात्र मरायचं नाव घेत नाहीत. म्हातारी होतात, दात पडतात, तेव्हा मरतात."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बादली स्वतः उचलली असती."

हे खरं होतं. म्हणून मीमीला राग आला नाही. उलट छातीवरून काहीतरी सरकल्यासारखं झालं आणि तिला हसू फुटायला आलं. म्हणजे भुतं नव्हती! डाविटची शेळ्यांची कुत्री होती!

"सातही वस्तीवरची?" तिने विचारलं.

"सहा," साना म्हणाली.

"सात गं. पांढऱ्या मोज्याचं धर. डावा पाय पांढरा आहे बघ, ते."

"पांढऱ्या पायाचं आमच्याकडे कोणी नाही, नोई. कधीच नव्हतं."

दोघी खिडकीशी गेल्या. उन्हात कुंपण थरथरत होतं. "मोजून बघा," साना म्हणाली, आणि स्वतःच बोट उगारून मोजलं, "एक, दोन, तीन... सहा." मीमीने मोजली ती सात.

आठ वर्षांपूर्वी सानाची आई वारली होती आणि साना आठवडाभर अंत्यविधीसाठी गेली होती. त्या आठवड्यात राकेलच्या आईच्या वेतात एक बिनपट्ट्याचं पिल्लू निघालं. डावा पाय पांढरा. टोपली उचलायला कोणी नव्हतं. मीमीने नळ सोडला, बादली भरली. तिला वाटलं होतं, क्षणाचं काम असेल. पण पिल्लू पोहायला लागलं. पाच दिवसांचं, डोळे न उघडलेलं, पाण्यावर नाक काढून पांढरा पाय मारत राहिलं. मग तिने अंगठा आणि तर्जनीने त्याची मान धरून खाली दाबली. मानेत दोरा नव्हता. हे बोटांना तेव्हाच कळलं होतं. बोटं थांबली नाहीत.

तिने हे सानाला सांगितलं. सानाने बादली उचलून पालथी केली. तळाशी एक गंजाचा ठिपका होता, बोटाच्या पेराएवढा.

"मला वाटायचं हा कुठून आला," साना म्हणाली.

शनिवारी ओसरी भरली. ओम हान्सी, वय पंचाहत्तर, ढेरी पुढे, टोपी मागे. "काय मीमी, माझा राजपुत्र तयार आहे ना? मी त्याला पुढच्या सीटवर बसवून नेणार आहे. बायकोला सांगितलंय, तू मागे बस!"

लोक हसले. कॅप्टन खुर्चीशेजारी गादीवर पडला होता. त्याला नुसतं वय झालंय, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

मीमी खुर्चीत बसली. तिने पिल्लाला हात लावला नाही. "हान्सी, हात दे तुझा."

"हात मागायला उशीर केलास गं!"

ती हसली नाही. तिने त्यांची जाड बोटं धरून कॅप्टनच्या मानेवर ठेवली, कातडी उचलली आणि सरकवली. म्हाताऱ्याच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. त्यांनाही लागला होता. आता तो दोरा कोणालाही लागला असता.

ते वाकले आणि तिच्या कानाशी बोलले, "मीमी, तोंड उघडू नकोस. माझ्याकडे चौदा आहेत याची. उन्हाने तुला चक्कर आली म्हण, आत जा, मी बघतो."

मीमीने कुंपणाकडे बघितलं. सहा कुत्री तारेला टेकून पडली होती. सातवं बसलं होतं.

"कॅप्टनमध्ये दोरा आहे," ती मोठ्याने म्हणाली. "आज नाही कळलं मला. तो पाच दिवसांचा होता तेव्हा याच खुर्चीत कळलं. मी साफ म्हणाले. खोटं बोलले. ज्यांच्याकडे त्याची पिल्लं आहेत त्यांनी डॉक्टरकडे न्या, आणि ती फळवू नका. पट्टा कितीही सुंदर असला तरी फळवू नका."

मागून एक बाई ओरडली, "माझी पोरगी तिसरी मादी घेऊन आलीय हो त्याच्याकडे! तुमच्या शब्दावर!"

"माझ्याच शब्दावर," मीमी म्हणाली.

तिने खोक्यातून एक बिनपट्ट्याचं पिल्लू उचललं. चाळीस वर्षांत तिने एकाही बिनपट्ट्याच्या मानेवरून चिमूट सरकवली नव्हती. आज सरकवली, मानेपासून शेपटीपर्यंत. कातडी मऊ होती, मोकळी होती, आणि आत काहीच नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही.

"साफ," ती म्हणाली आणि पिल्लू उजव्या टोपलीत ठेवलं.

गाड्या एकेक करून निघून गेल्या. ओम हान्सी टोपी विसरले, घ्यायलाही आले नाहीत. सोमवारी डॉक्टरीण येऊन कॅप्टनला कायमचं झोपवून गेली. मीमीने त्या नव्वद घरांना फोन लावले. कोणी शिव्या दिल्या, कोणी रडलं, कोणी फोन आपटला. क्लबने तिला पत्र पाठवलं की वयोमान लक्षात घेता आपण विश्रांती घ्यावी. वयोमान म्हणे! तिची बोटं अजूनही चुकत नव्हती, आणि त्यांना नको होतं ते नेमकं हेच.

राकेलच्या वेतातलं एकही पिल्लू विकलं गेलं नाही. तीन दोरे डॉक्टरीणबाईंनी कापून काढले. बिनपट्ट्याची दोघं सानाने उघडपणे, हातात धरून, वस्तीवर नेली. बादलीत आता जीरेनियम लावलंय.

डाविटच्या सहा कुत्र्यांसाठी मीमीने कुंपणाखाली पाण्याची कुंडी ठेवली. ती दुपारी येतात, पाणी पितात, तिच्या हाताला नाक लावतात, शेळ्यांबरोबर परत जातात. सातवं राहतं. ते अजून तिच्याकडेच बघत बसतं, उन्हं उतरेपर्यंत. मक्याच्या घट्ट घाट्याला तिकडे 'पाप' म्हणतात. रोज दुपारी मीमी एका थाळीत पाप घेते आणि त्याच्यासमोर, तारेखालून सरकवते. संध्याकाळी थाळी तशीच भरलेली परत आणते.

साना एकदा म्हणाली, "नोई, खायला ठेवता ते ठीक. पण उन्हात बसतं म्हणता, तर त्याच्यापुढे वाटीभर पाणी ठेवा की."

मीमीने मान हलवली. पाणी ठेवायची तिची हिंमत होत नाही.